अनुक्रमणिकेत नसलेला गेम

२५ जुलै २००३ रोजी जपानमध्ये 'एफ-झीरो जीएक्स' हा शर्यतीचा व्हिडिओ गेम निन्टेन्डोच्या गेमक्यूब या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी बाजारात आला. जमिनीला न टेकता धावणारी वाहने, ताशी हजार किलोमीटरच्या पुढचा वेग आणि एका शर्यतीत ३० स्पर्धक. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते, म्हणजे एका चित्रासाठी यंत्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. ४८५ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हे साधले होते, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

पण या गेमचे सगळ्यात मोठे नवल पुढची दहा वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. २०१३ साली कोड वाचणाऱ्या हौशी मंडळींना कळले, की त्या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर आणखी एक गेम आहे, आणि तोही जवळजवळ अख्खा.

तो गेम म्हणजे 'एफ-झीरो एएक्स', जीएक्सचे आर्केडमधले, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मशीनच्या दुकानातले, भावंड. दोन्ही घडवले सेगाच्या अम्यूझमेंट व्हिजन या विभागाने, तोशिहिरो नागोशी यांच्या देखरेखीखाली. निन्टेन्डो, सेगा आणि नॅम्को यांनी मिळून ट्रायफोर्स नावाची आर्केड यंत्रणा तयार केली होती. तिचा गाभा गेमक्यूबचाच होता. नाणे टाकून खेळायच्या त्या मोठ्या मशीनमध्ये आणि दिवाणखान्यातल्या छोट्या डब्यात प्रोसेसर एकाच जातीचा, त्यामुळे एकदा लिहिलेला कोड दोन्हीकडे चालत असे.

हे नाते कंपन्यांनी लपवले नव्हते. घरचे मेमरी कार्ड खिशात घालून आर्केडला जायचे, मशीनला लावून खेळायचे आणि तिथली बक्षिसे घरी आणून जीएक्समध्ये वापरायची, अशी सोय होती. आर्केडचे सहा ट्रॅक जीएक्समध्येही होते. आर्केड जवळ नसेल, तर घरीच अतिशय अवघड शर्यती जिंकून ते उघडता येत. त्यामुळे ट्रॅक डिस्कवर आहेत हे सगळ्यांना माहीत होते. आर्केडचा गेमच तिथे आहे, हे मात्र कोणाच्या मनातही आले नाही.

असे कसे होते? एखादे जाडजूड पुस्तक डोळ्यांसमोर आणा. त्यातले एक प्रकरण छापलेले आहे, पाने शिवलेली आहेत, फक्त अनुक्रमणिकेत त्याचे नाव नाही. माणूस पाने चाळताना ते प्रकरण गाठेल, पण गेमला चाळणे ठाऊक नसते. मेनूतल्या प्रत्येक ओळीमागे मेमरीतला एक पत्ता असतो आणि प्रोसेसर सांगितलेल्या पत्त्यावरच जातो. ज्या भागाचा पत्ता कोणी देत नाही, तो भाग असूनही नसल्यासारखा राहतो.

मग नको असलेले काढून का टाकत नाहीत? काढणे हेच जोखमीचे असते, म्हणून. मोठ्या प्रोग्रॅममध्ये धागे एकमेकांत गुंतलेले असतात. आर्केडसाठी लिहिलेला एखादा तुकडा घरच्या गेममधले एखादे चित्र किंवा आवाजही हाताळत असू शकतो. तो उपटला आणि भलतेच काही बंद पडले, तर सगळी चाचणी पुन्हा करावी लागते, आणि डिस्क छापायची तारीख थांबत नाही. कंपायलर आणि लिंकर ही लिहिलेल्या कोडचा मशीनला चालवता येईल असा प्रोग्रॅम बनवणारी साधने निरुपयोगी कोड गाळू शकतात, पण तिथे कोणीच कधी पोहोचणार नाही याची पक्की खात्री पटली तरच. 'अमुक आकडा १ असेल तर आर्केडचा मेनू दाखव' अशी एक ओळ जरी उरली, तरी तो आकडा कधी १ होणारच नाही, हे त्यांना कसे कळावे? ती तो कोड राहू देतात. चित्रांच्या आणि आवाजांच्या फाइलींना तर ही गाळणी लागतच नाही. दार बंद करून खोली तशीच ठेवणे हा अशा वेळी शहाणपणाचा निर्णय असतो. त्याला निष्काळजीपणा म्हणणे मला पटत नाही.

शोधणारे हेच बंद दार चाचपतात. डिस्कवरच्या फाइलींची यादी काढायची, मशीनच्या भाषेतला कोड उलगडून वाचायचा आणि कोणत्या तुकड्याकडे कोणतीच वाट जात नाही ते पाहायचे. डॉल्फिनसारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर गेमक्यूबची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गेम चालू असतानाच मेमरीतले आकडे बघता आणि बदलता येतात. खऱ्या गेमक्यूबवर हेच काम अॅक्शन रीप्ले नावाचे जोडसाधन करते. ठरलेल्या पत्त्यावर ठरलेला आकडा लिहायचा, एवढीच त्याची करामत. त्याच मार्गाने एएक्स घरच्या टीव्हीवर अवतरला.

जीवशास्त्रात याला एक जवळचे उदाहरण आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. त्यातल्या शेवटच्या पायरीचे जनुक माणसातही आहे, पण मोडके. फरक असा, की आपले जनुक काळाच्या ओघात तुटत गेले, तर एएक्स डिस्कवर धडधाकट होता.

सगळेच अवशेष एवढे मोठे नसतात. २००५ च्या 'मारिओ कार्ट डीएस'मध्ये 'टेस्ट सर्कल' नावाचा साधा गोल ट्रॅक राहून गेला आहे. सुतारकाम संपल्यावर कोपऱ्यात भुसा उरावा, तसा. मला असा भुसाही मोलाचा वाटतो, कारण तयार टेबल पाहून रंधा कसा फिरला ते कळत नाही.

एएक्सचे मोल मात्र वेगळेच. आर्केड मशीन अवजड असतात, त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि बंद पडलेले मशीन बहुधा भंगारात जाते. जीएक्स २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच २ वर पुन्हा खेळायला मिळाला, पण एएक्स स्वतंत्रपणे घरगुती यंत्रासाठी कधीच विकला गेला नाही. आर्केडमध्ये नाणी टाकून तो खेळलेली मुले घरी येऊन जीएक्स लावत होती, तेव्हा आर्केडचा तो गेमही त्याच डिस्कवर फिरत होता.