न लढणाऱ्या लढाऊ विमानाची गोष्ट

अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला जाऊन आलेल्या माणसाला 'टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेटर' म्हणजे काय, म्हणजे नवं तंत्र चालतं का एवढंच पाहायला केलेलं प्रात्यक्षिक विमान, हे फार समजावून सांगावं लागत नाही. प्रात्यक्षिकाचा प्लॉट कोणी बाजारात माल न्यायला पेरत नाही. कोणत्या वाणावर बोंडअळी कमी आली, कोणता वाण पावसाची उघडीप सोसून उभा राहिला, हे पाहायला तो पेरतात. तरी धुऱ्यावर उभा राहून कोणी तरी विचारतोच, "एकरी किती झाला?"

जपानच्या एक्स-२ या स्टेल्थ प्रात्यक्षिक विमानाबद्दल सांगत होतो तेव्हा आमच्या पारावर असाच प्रश्न आला. "मंग लढतच नाही त कायले बनवलं, भाऊ?" प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याचं उत्तर जरा मागे जाऊन शोधावं लागतं.

आधी स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणं, हे काय ते पाहू. रात्री जागलीला गेलं की बॅटरी मारल्यावर रोह्याचे (नीलगायीचे) डोळे लखकन चमकतात. त्यानं मान फिरवली की एवढं मोठं जनावर अंधारात गडप होतं. जनावर तिथंच असतं, बॅटरीही तीच असते. पण उजेड आपल्याकडे परत येत नाही. रडारचं असंच आहे. ते लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरींची वाट पाहतं. नेहमीच्या विमानात पंख आणि शेपूट जिथं काटकोनात जुळतात तो कोपरा, इंजिनाच्या तोंडातली फिरती पाती, बाहेर लटकलेली क्षेपणास्त्रं, हे सगळे ते चमकणारे डोळे. स्टेल्थ विमानाचा आकारच असा घडवतात की आलेली लहर भलतीकडे फेकली जावी. लहरी शोषणारा लेप लागतोच, पण तो नंतर. आधी आकार.

कोणत्या आकारावरून किती लहर परत येईल, याचं गणित मांडलं प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञानं. कडांवर लहरी कशा विखुरतात यावरचा त्याचा ग्रंथ १९६२ मध्ये मॉस्कोत छापून आला. त्यात लष्कराच्या उपयोगाचं काही आहे असं तिथल्या कोणाला वाटलं नाही, म्हणून तर तो उघडपणे छापला गेला. अमेरिकी हवाई दलानं त्याचा अनुवाद करवून घेतला आणि तो लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाच्या हाती लागला. बी एकाचं आणि पीक दुसऱ्याच्या कोठारात, असा हा मामला. ओव्हरहोल्सरनं त्यावरून संगणकाचा प्रोग्राम लिहिला. त्या वेळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागाचं गणित झेपत नव्हतं, म्हणून सगळं विमान सपाट पैलूंचं करावं लागलं. कागदावरची ती आकृती पाहून कंपनीतल्या लोकांनी तिला 'होपलेस डायमंड' असं नाव पाडलं. हे उडणार नाही, असं जुन्याजाणत्या अभियंत्यांनाही वाटत होतं.

उडवून पाहण्यासाठी जे विमान केलं त्याचं नाव 'हॅव ब्लू'. डेमॉन्स्ट्रेटर कसा असावा याचा हा नमुनाच. इंजिनं एका प्रशिक्षण विमानाची, चाकं एफ-५ या लढाऊ विमानाची, नियंत्रण यंत्रणा एफ-१६ या दुसऱ्या लढाऊ विमानाची. नवीन होता तो फक्त आकार आणि लेप, कारण परीक्षा तेवढ्याचीच घ्यायची होती. बाकीचं उधार-उसनवारीवर भागवलं. १ डिसेंबर १९७७ रोजी नेवाडाच्या वाळवंटातल्या गुप्त तळावरून बिल पार्क यांनी ते पहिल्यांदा उडवलं.

अशी दोनच विमानं केली आणि दोन्ही पडली. पहिलं मे १९७८ मध्ये, उतरताना चाकाची यंत्रणा खराब झाल्यामुळे. पार्क जबर जखमी झाले आणि त्यांची चाचणी वैमानिकाची कारकीर्द तिथंच संपली. दुसरं जुलै १९७९ मध्ये आगीमुळे गेलं, वैमानिक पॅराशूटनं वाचला. तरी हा प्रकल्प फसला असं कोणी म्हणत नाही, कारण हवं होतं ते उत्तर तोवर मिळालं होतं. एका चाचणीत विमान रडारवर एकदम ठळक दिसायला लागलं. शोध घेतला तर तीन स्क्रू पुरते आवळलेले नव्हते. डोकी जराशी वर राहिली होती, तेवढ्यानं सगळं बिंग फुटलं. (आपल्या हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे. उद्या स्टेल्थ विमानं ताफ्यात आली की हे स्क्रूचं दुखणं कोणाच्या दारी येणार, हे वेगळं सांगायला नको.) या धड्यांतूनच एफ-११७ हे खरंखुरं स्टेल्थ विमान झालं. त्याचं पहिलं उड्डाण जून १९८१ मध्ये झालं, पण असं विमान आपल्याकडे आहे हे अमेरिकेनं जगाला सांगितलं ते १९८८ मध्ये.

जपानची कथा वेगळ्या कारणानं सुरू झाली. त्यांना अमेरिकेचं एफ-२२ हे स्टेल्थ लढाऊ विमान विकत हवं होतं. पण ते कोणत्याही देशाला विकायचं नाही, अशी बंदी अमेरिकी संसदेनं १९९८ पासूनच घातली होती. मग जपाननं स्वतः शिकायचं ठरवलं. २००५ मध्ये पूर्ण आकाराची प्रतिकृती फ्रान्सला नेऊन रडारसमोर तपासली. पुढे मित्सुबिशीनं बांधलेलं, पांढऱ्या-लाल रंगाचं एक्स-२ विमान २२ एप्रिल २०१६ रोजी नागोयाहून उडून गिफूच्या तळावर उतरलं. लांबी १४.२ मीटर, पंखांचा विस्तार ९.१ मीटर, लढाऊ विमानांत हे शेळीच्या पिलाएवढंच. शस्त्र एकही नाही. खर्च जवळपास ३९०० कोटी येन.

पारावरचा प्रश्न इथला. एवढ्या पैशात काय मिळालं? तर आकार, लेप आणि इंजिनाचा झोत वळवून विमान वळवण्याची कला हाती आली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इंजिनावर हात बसला. एक्स-२ची इंजिनं आयएचआय या जपानी कंपनीची होती, प्रत्येकी ५ टन जोराची. त्याच कंपनीनं २०१८ मध्ये १५ टनांचं इंजिन चाचणीला उभं केलं. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटन आणि इटलीबरोबर नवं लढाऊ विमान करण्याची घोषणा झाली, तेव्हा जपान गिऱ्हाईक म्हणून गेला नाही, भागीदार म्हणून बसला. एक्स-२ तोवर केव्हाच उडायचं थांबलं होतं.

आपल्याकडे डेमॉन्स्ट्रेटर हा शब्द आला तो तेजस या देशी लढाऊ विमानाबरोबर. १९९३ मध्ये सरकारनं २,१८८ कोटी रुपये मंजूर केले ते पूर्ण विमानासाठी नव्हे, आधी दोन प्रात्यक्षिक विमानांसाठी. त्यांची नावंच टीडी-१ आणि टीडी-२. टीडी-१ नोव्हेंबर १९९५ मध्ये शेडबाहेर आलं आणि उडालं ४ जानेवारी २००१ रोजी. मधल्या काळात १९९८ची पोखरण चाचणी झाली, अमेरिकेनं निर्बंध लादले आणि उड्डाण नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरवर तिकडे चाललेलं काम अडलं. ते इथल्या लोकांनी पुरं केलं. टीडी-१ स्टेल्थ नव्हतं, पण विमान कसं उभं करायचं हे त्यानं शिकवलं. हवाई दलात तेजसची पहिली तुकडी मात्र जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. उशीर झाला, आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तेजससाठी ठरवलेलं कावेरी इंजिन तर वेळेत झालंच नाही. विमान अमेरिकी जीई ४०४वर उडालं.

स्टेल्थचं प्रात्यक्षिक डीआरडीओनं छोट्या, वैमानिकाविना उडणाऱ्या विमानावर केलं. शेपूट नसलेलं, नुसत्या पंखासारखं ते विमान १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ उडालं, इंजिन रशियन. अ‍ॅम्का, म्हणजे आपलं होऊ घातलेलं स्टेल्थ लढाऊ विमान, हे त्याच्या पुढचं आणि बरंच मोठं काम. मार्च २०२४ मध्ये त्याला सुमारे १५,००० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, त्यातून पाच नमुना विमानं व्हायची आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडियात पूर्ण आकाराचं मॉडेल लोकांनी डोळे भरून पाहिलं. पहिल्या आवृत्तीला इंजिन ठरलंय जीई ४१४, म्हणजे पुन्हा अमेरिकीच.