सायकल, बीएमडब्ल्यू आणि पुन्हा सायकल

2010 साली चिनी टीव्हीवरच्या लग्न जुळवण्याच्या एका कार्यक्रमात एका मुलाने समोरच्या मुलीला विचारलं, माझ्याबरोबर सायकलवर फिरायला येशील का? तिने सांगितलं, त्यापेक्षा मी बीएमडब्ल्यूत बसून रडेन. देशभर गहजब झाला. आजची पिढी पैशापुढे काही बघतच नाही, असं म्हणत वडीलधाऱ्यांनी तिला झोडपून काढलं.

गंमत अशी की या वडीलधाऱ्यांच्या तरुणपणी लग्नं अडायची ती सायकलीवरूनच. 1970च्या दशकात तिकडे एक शब्दप्रयोग रूढ होता, ‘सान झ्वान यी श्यांग’. म्हणजे तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी. सायकल, शिवणयंत्र, मनगटी घड्याळ या फिरणाऱ्या वस्तू आणि वाजणारा रेडिओ. मुलाकडे या चार गोष्टी असल्या की स्थळ चांगलं. सायकलीला कित्येक महिन्यांचा पगार लागे, वर कुपन मिळवावं लागे ते वेगळंच. आणि ती कुठलीही चालत नसे, शांघायची ‘फीनिक्स’ किंवा ‘फॉरएव्हर’ हवी, नाहीतर तिआनजिनची ‘फ्लाइंग पिजन’. ब्रँडचं वेड आयफोनबरोबर आलं, हा आपला गोड गैरसमज आहे.

मग पिढ्यापिढ्यांत फरक पडला तो कशात? रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने 1971 साली युरोपातल्या पिढ्यांबद्दल एक अंदाज मांडला होता. माणसाला लहानपणी जे कमी पडतं, त्याची किंमत त्याच्या मनात मोठी होते. आणि वाढत्या वयात मनात बसलेली ही मोजपट्टी पुढे परिस्थिती पालटली तरी सहसा बदलत नाही. चीनमधली आज्या-आजोबांची पिढी याचं चालतंबोलतं उदाहरण. या पिढीने 1959 ते 1961 चा भीषण दुष्काळ पाहिला. धान्याची कुपनं 1955 मध्ये सुरू झाली आणि थेट 1993 मध्ये बंद झाली. सोंग दोंग या बीजिंगच्या कलावंताने 2005 साली आपल्या आईने जन्मभर जपून ठेवलेल्या दहा हजारांहून अधिक वस्तू प्रदर्शनात मांडल्या. त्यांत टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, पिशव्या आणि साबणाच्या वड्या होत्या. साबण मुलांना पुढेमागे कमी पडू नये म्हणून साठवलेला. तोवर मुलाच्या घरी कपडे धुण्याचं यंत्र आलं होतं.

या हिशेबाने 1980 नंतर, एक-अपत्य धोरणाच्या काळात जन्मलेली, भरल्या घरात वाढलेली एकुलती एक मुलं वस्तूंच्या बाबतीत निवांत असायला हवी होती. एकेका लेकरामागे आई-वडील आणि चार आजी-आजोबा अशी सहा माणसं! पण घडलं उलटंच. लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच ब्रँडचं चीनमधलं पहिलं दुकान बीजिंगच्या एका हॉटेलात 1992 साली उघडलं, आणि पुढच्या दोन दशकांत चिनी गिऱ्हाईक हा अशा महागड्या ब्रँडच्या धंद्याचा मोठा आधार झाला. इप्सॉस या संस्थेने 2013 साली वीस देशांत विचारलं, तुम्ही तुमचं यश तुमच्याकडच्या वस्तूंवरून मोजता का? चीनमध्ये 71 टक्के लोक हो म्हणाले. (भारतात 58. तेव्हा आपण फार हसू नये.) पाहणी ऑनलाइन होती, म्हणजे हे आकडे प्रामुख्याने शहरी लोकांचे, ते सगळ्या देशाला लावता येणार नाहीत.

इंगलहार्ट चुकला का? थोडा शब्दांचा घोळ आहे. लहानपणच्या टंचाईतून येणाऱ्या वृत्तीला तो ‘भौतिकवाद’ म्हणे, आणि त्याचा अर्थ सुरक्षिततेची ओढ असा होता. महागाई आटोक्यात राहावी, कायदा-सुव्यवस्था नीट असावी, हे त्याचे प्रश्न. वस्तूंचा मोह ही वेगळी चीज, आणि ती मोजायला मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन यांनी 1992 मध्ये अठरा विधानांची वेगळी मोजपट्टी तयार केली. शिवाय पोट भरलेलं असलं म्हणजे मन निर्धास्त असतंच असं नाही. इप्सॉसच्या त्याच पाहणीत 68 टक्के चिनी लोकांनी यशस्वी होण्याचा आणि पैसा कमावण्याचा दबाव आपल्यावर असल्याचं सांगितलं. 1980 नंतरची ही मुलं लहान असतानाच सरकारी कारखान्यातली जन्मभराची नोकरी, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘लोखंडी वाडगा’, फुटला होता. घर, औषधपाणी, शिक्षण यांचा भार कुटुंबावर येऊन पडला होता.

मला मात्र यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो चेहरा. मराठीत अब्रू नाकात असते, चिनीत चेहऱ्यात. हू श्येनचिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1944 सालीच त्याचे दोन प्रकार दाखवून दिले. ‘ल्यान’ म्हणजे सचोटीने टिकणारी अब्रू, आणि ‘मियांझी’ म्हणजे यशाने, थाटामाटाने कमावलेली प्रतिष्ठा. हा चेहरा एकट्याचा नसतो, घरादाराचा असतो. नॅन्सी वाँग आणि आरॉन आहूव्हिया यांनी 1998 मध्ये नेमकं हेच मांडलं: पूर्व आशियातला माणूस महागडी वस्तू घेतो तेव्हा त्याला ती मनापासून आवडलेलीच असते असं समजू नये. म्हणून भाजीच्या पिशव्या धुऊन वापरणारी आई मुलीला हजारो युआनची पर्स घेऊन देते, यात मला तरी विसंगती दिसत नाही. पिशवी घरात राहते, पर्स चारचौघांत जाते.

अलीकडे हवा पालटली आहे. जून 2023 मध्ये शहरी तरुणांमधली बेकारी 21.3 टक्क्यांवर गेली, आणि मग सरकारने तो आकडा जाहीर करणंच काही महिने थांबवलं. महागड्या ब्रँडला तोडीस तोड स्वस्त पर्याय, म्हणजे ‘पिंगती’, शोधून काढणं ही आता हुशारी समजली जाते. पोरं एकेक ग्रॅमचे सोन्याचे मणी घेऊन बाटलीत साठवतात. आजीला हे बघून बरं वाटत असणार.

नोव्हेंबर 2024 मधल्या एका रात्री झेंगझौ शहरातले विद्यार्थी भाड्याच्या सायकली घेऊन पन्नासेक किलोमीटरवरच्या काइफंगला निघाले, आत गरम रस्सा भरलेले तिथले प्रसिद्ध डंपलिंग खायला. एकाच रात्री लाखाच्या वर सायकली महामार्गावर उतरल्या. वाहतूक ठप्प झाली आणि शेवटी कंपन्यांना सांगावं लागलं, शहराबाहेर नेलेल्या सायकलींना आपोआप कुलूप लागेल.