उपदेशाची पुस्तकं आणि खटल्यांचे कागद: जुन्या युरोपातली बाई कुठे शोधायची?

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपातल्या बायकांचं लैंगिक आयुष्य अभ्यासायला घेतलं की दोन प्रकारचा मजकूर हाती लागतो. एक, बाईनं कसं वागावं हे सांगणारी पुस्तकं. दुसरा, ती कशी वागली याची चौकशी करणारे खटल्यांचे कागद. कौमार्य, अब्रू, पाप ही भाषा दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे निबंधात दोन्हींतली अवतरणं एकाच परिच्छेदात बिनदिक्कत शेजारी बसतात. घोळ तिथेच होतो.

हुआन लुईस विवेस या स्पॅनिश विद्वानाचं ख्रिस्ती स्त्रीच्या शिक्षणावरचं लॅटिन पुस्तक १५२४ मध्ये आलं. अर्पण केलं होतं इंग्लंडची राणी कॅथरीन हिला. पुस्तकाचे भाग तीन: कुमारी, पत्नी, विधवा. म्हणजे बाईची ओळख ठरते ती नवरा यायचा आहे, आहे की गेला, यावरून. मोलकरीण, सुईण, मासे विकणारी यांच्यासाठी वेगळा भाग नाही. एवढ्यावरून ‘त्या काळी बायका घराबाहेर पडत नसत’ असं लिहिणं म्हणजे ‘शांतता राखा’ ही पाटी पाहून वर्गात शांतता होती असं धरून चालणं.

तरी ही पुस्तकं टाकाऊ नाहीत. फक्त ती तिरकी वाचावी लागतात. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागातला धर्मोपदेशक विल्यम गाउज यानं प्रवचनात सांगितलं की नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोनं घरातल्या वस्तूंची विल्हेवाट लावू नये. ऐकणाऱ्यांना ते झोंबलं. हे आपल्याला कळतं ते खुद्द गाउजच्या १६२२ च्या ग्रंथातून, कारण सुरुवातीलाच तो आपली बाजू सावरत बसलाय: मला कुणी स्त्रीद्वेष्टा समजू नये म्हणून हा खुलासा! मला तर नंतरच्या सगळ्या उपदेशापेक्षा ही दोन-चार पानं मोलाची वाटतात.

आता खटल्यांचे कागद. इथे बाई स्वतः बोलतेय असं वाटतं, म्हणून मोह जास्त. रोममधला १६१२ चा खटला घ्या. चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्कीवर चित्रकार अगोस्तिनो तासी यानं आदल्या वर्षी बलात्कार केला होता; फिर्याद वडील ओराझिओ यांची. जबानीत ती सांगते की तिनं त्याचे केस ओढले, तोंड ओरबाडलं, नंतर सुरी घेऊन त्याच्यावर धावली. हे वाचताना अंगावर येतं. पण त्याच जबानीत लग्नाच्या वचनाचा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. का? कायद्याच्या लेखी गुन्हा तिच्या इच्छेविरुद्ध झाला एवढ्यानं भागत नव्हतं. ती कुमारी होती का, घराण्याच्या अब्रूचं काय, वचन देऊन फसवलं का, हे प्रश्न मोठे होते. सुईणींनी तिची तपासणी केली. मग खरेपणा ठरवण्यासाठी तासीसमोर तिच्या बोटांना दोरी बांधून पीळ दिला गेला. हीच का तू मला दिलेली अंगठी, आणि हीच का तुझी वचनं, असं ती त्याला म्हणाली, अशी नोंद आहे. आवाज तिचाच, यात मला शंका नाही. पण काय विचारायचं हे न्यायालयानं ठरवलं आणि लिहून घेतलं कारकुनानं.

इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतही तसंच. शेजारणीनं भर रस्त्यात ‘छिनाल’ म्हटलं की बायका बदनामीचा दावा लावत. शिवी मूळ इंग्रजीत उतरवली जाई, बाकीचा साचा ठरलेला. शिवाय जी बाई कधी कुणाच्या डोळ्यावर आली नाही, ती या कागदांत येणारच नाही. सुखानं नांदलेल्या जोडप्याची फाइल कशाला बनेल?

म्हणून लिहिणाऱ्यांना कशाची धास्ती वाटत होती हे शोधायचं असेल तर पुस्तकं; कुठल्या गोष्टीवरून माणसं एकमेकांना न्यायालयात खेचत होती हे हवं असेल तर खटले. आठवडाभराचाच वेळ असेल तर मी खटले घेईन, आणि उत्तरांआधी प्रश्न वाचेन.

गोव्यात ही निवडही फारशी उरलेली नाही. १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या राज्यातलं धर्मन्यायालय, १८१२ मध्ये बंद झालं आणि खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. हुकूम मात्र टिकले. १७३६ च्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना लग्नातल्या जुन्या रीती, दारातली तुळस, बायकांची चोळी यांची मनाई आहे. पावणेदोनशे वर्षांनंतरही मनाई करावी लागते, यावरून घराघरांत काय चालू होतं याचा अंदाज येतो. पण पकडल्या गेलेल्या एखाद्या बाईनं त्यावर काय उत्तर दिलं, ते या हुकुमात नाही.