ड्रम सेटवरील आफ्रिकी पॉलिरिदम

ड्रम सेटवरील आफ्रिकी पॉलिरिदम : आफ्रिकेतील सामूहिक वाद्यवादनात पाच-सहा जण मिळून जी गुंफलेली लय उभी करतात, ती एकट्या वादकाने दोन हात आणि दोन पायांनी ड्रम सेटवर वाजवण्याची पद्धत. घाना, टोगो, नायजेरिया, कॅमेरून, झिंबाब्वे अशा देशांच्या नृत्यसंगीतातून ती आली. ड्रम सेट हे वाद्य मात्र अमेरिकेतले. बेस ड्रम म्हणजे सेटमधला सर्वांत मोठा ढोल पायाने वाजवण्याचे चांगले पेडल लुडविग बंधूंनी १९०९ च्या सुमारास बाजारात आणले आणि दोन-तीन वादकांचे काम एका खुर्चीत आले. आफ्रिकी वादकांच्या हाती हा सेट आला तेव्हा त्यांनी त्यात आपला अख्खा ताफाच बसवला.

‘पॉलिरिदम’ म्हणजे अनेक लयी एकाच वेळी चालणे. हा शब्द रूढ असला तरी तो थोडा फसवा आहे. तो ऐकून वाटते की इथे तीनची लय दोनच्या लयीशी भांडते आहे आणि वादकाने दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या आहेत. ए. एम. जोन्स या अभ्यासकाने १९५९ मध्ये एवे लोकांच्या वादनाचे स्वरलेखन प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक ढोलाला त्याच्या-त्याच्या वेगळ्या खंडरेषा (आवर्तनाचे भाग दाखवणाऱ्या उभ्या रेषा) दिल्या होत्या. कोफी आगावू या घानाच्या संगीतशास्त्रज्ञाने पुढे या दृष्टीवर कडक टीका केली. नाचणाऱ्यांची पावले सगळ्यांना एकच ठोका देतात आणि प्रत्येक वाद्य त्या ठोक्याच्या संदर्भातच बोलते, असे त्यांचे म्हणणे. ड्रम सेटवर बसणाऱ्याने आगावूंचेच ऐकावे. पावले कुठे पडतात हे ज्याला कळत नाही, त्याचे चारही अवयव स्वतंत्र सुटले तरी त्यातून ठेका उभा राहत नाही.

एवे लोक घानाच्या आग्नेय भागात आणि शेजारच्या टोगोत राहतात. त्यांच्या वृंदात गांकोगुई ही लोखंडाची जोडघंटा असते, एक मोठी आणि एक लहान. अखात्से म्हणजे मण्यांची जाळी ओढलेला भोपळा. बसलेला वादक तो खाली मांडीवर आणि वर तळहातावर आपटतो. कागानू हा लहान, चढ्या आवाजाचा ढोल. किडी आणि सोगो हे मधले. आत्सीमेवू हा माणसाहून उंच ढोल तिरपा टेकवून मुख्य वादक उभ्याने वाजवतो आणि बाकीच्यांना बोल देतो. घंटेचा ठेका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही. एकल तबलावादनात लेहऱ्याचे जे काम, तेच इथे घंटेचे. ती जागा दाखवते आणि तिच्या भरवशावर बाकीचे बोलतात.

एवे लोकांच्या आग्बाड्झासारख्या नृत्यांतला घंटेचा ठेका बारा मात्रांच्या आवर्तनात सात ठोक्यांचा आहे. ठोके पडतात ते १, ३, ५, ६, ८, १०, १२ या मात्रांवर. आकडे पाठ करण्यापेक्षा पेटी समोर घ्यावी. पांढरी एकपासून वरच्या सापर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या मोजल्या तर पांढऱ्या पट्ट्या नेमक्या याच जागी येतात. सा, रे, ग, म, प, ध, नी हे सात शुद्ध स्वर म्हणजे घंटेचे सात ठोके आणि काळ्या पट्ट्या म्हणजे रिकाम्या मात्रा. ग आणि म एकमेकांना चिकटलेले, नी आणि वरचा सा चिकटलेले. घंटेतही त्याच दोन ठिकाणी ठोके लागोपाठ पडतात. स्वरांचा आणि या ठेक्याचा उगमाने काही संबंध नाही, पण मराठी कानाला यापेक्षा सोपी खूण मिळणार नाही.

नर्तकांची पावले पडतात १, ४, ७, १० वर. म्हणजे सा आणि ध या दोनच जागी घंटा आणि पाऊल भेटतात. चौथ्या आणि सातव्या मात्रेला घंटा गप्प असते. त्यातही पहिले तीन ठोके विषम मात्रांवर आणि पुढचे चार सम मात्रांवर असल्यामुळे आवर्तनाच्या मध्यावर लय जागा बदलून पुन्हा घरी येते. या ठेक्याची सगळी ओढ त्या बदलात आहे.

सेटवर बसवताना उजवा हात घंटा घेतो, राइड सिम्बल या मोठ्या झांजेच्या मधल्या उंचवट्यावर किंवा काउबेल या धातूच्या घंटेवर. डावा पाय हाय-हॅट (पेडलने मिटणारी झांजांची जोडी) दाबून १, ४, ७, १० ही पावले देतो. डावा हात कागानूचा होतो आणि प्रत्येक पावलानंतरच्या दोन्ही मात्रा भरतो : २-३, ५-६, ८-९, ११-१२. त्यासाठी काठी स्नेअरवर, म्हणजे खालून तारा ताणलेल्या ढोलावर, आडवी ठेवून कडेवर आपटतात. तारा सैल सोडल्या की स्नेअरचा खरखरीत आवाज जाऊन कोरडा लाकडी टणत्कार उरतो. एवढे तिघे जमले की बाराच्या बारा घरे भरतात. पाच ठिकाणी दोन्ही हात एकत्र, तीन ठिकाणी डावा एकटा, दोन ठिकाणी उजवा हात आणि पाय आणि उरलेल्या दोन ठिकाणी, म्हणजे चौथ्या आणि सातव्या मात्रेला, पाय एकटा. शिकणारा अडखळतो तो याच दोन जागी. उजवा हात तिसऱ्यावर पडून पाचव्यावर जायला निघालेला असतो आणि पायाला त्याच्या बरोबर मधे, कुणाच्याही आधाराशिवाय उतरायचे असते. पाय हाताच्या मागे घसरला की आवर्तनात चारऐवजी नकळत सहा पावले पडू लागतात. म्हणून आधी सेट बाजूला ठेवून पावले टाकत टाळ्यांनी घंटा वाजवावी. उजवा पाय मोकळाच ठेवावा. किडी आणि मोठ्या ढोलाचे बोल नंतर टॉम (सेटमधले बिनतारांचे ढोल) आणि बेस ड्रमवर येतात.

या सगळ्याच्या मुळाशी तीनास दोन हे नाते आहे. आपल्याकडे तबलजी त्याला आड म्हणतात. एका हाताने सहा मात्रांत तीन ठोके आणि दुसऱ्याने दोन वाजवले, तर ऐकू येते : दोन्ही, उजवा, डावा, उजवा. त्यांची अंतरे २, १, १, २. छंदशास्त्राच्या भाषेत गा ल ल गा. दोन हातांचा हिशोब सोडून ही एकच ओळ म्हणत राहिले की गुंता सुटतो, कारण ऐकणाऱ्यालाही ती एकच ओळ ऐकू येत असते. फरक पुढे आहे. आपल्या आडीत गेलेला वादक समेवर परतून सोडवणूक करतो आणि त्या परतण्याला दाद मिळते. एवे वृंदात तीन आणि दोन हे दोघेही पहिल्यापासून घरातच असतात, परतायचे कुणालाच नसते.

गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर ही घंटा क्यूबात पोचली आणि तिथल्या बेंबे या धार्मिक वादनात टिकली. क्यूबाच्या मोंगो सांतामारिया या तालवादकाची ‘आफ्रो ब्लू’ ही १९५९ मधली रचना तीनास दोनवरच उभी आहे. जॉन कोल्ट्रेन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाबरोबर ती वाजवताना ड्रमवादक एल्विन जोन्सने हे नाते सबंध सेटभर पसरवले.

आफ्रिकेतल्या ड्रम सेटवादकांत पहिले मोठे नाव घानाचे गाय वॉरन (१९२३–२००८). १९५० च्या दशकात ते अमेरिकेत गेले, जॅझ वाजवला, आणि मायदेशी परतल्यावर घानाबा हे नाव घेतले. फॉन्टमफ्रॉम या घानातल्या पारंपरिक वृंदाच्या पठडीतल्या मोठ्या ढोलांना पेडल जोडून त्यांनी स्वतःचा सेट बनवला. दुसरे नाव नायजेरियातल्या लागोसच्या टोनी अ‍ॅलनचे (१९४०–२०२०). रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ असताना हा माणूस स्वतःच ड्रम शिकला. १९६४ मध्ये तो फेला कुटी या नायजेरियन गायक-वादकाला मिळाला आणि दोघांनी मिळून अ‍ॅफ्रोबीट ही संगीतशैली घडवली. इथे बारा मात्रा नाहीत, सोळा सूक्ष्म मात्रांचे सरळ चारचे आवर्तन आहे. पण स्नेअर दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर बडवण्याची पाश्चात्त्य सवय त्यात सापडत नाही. बेस ड्रम मधूनच दोन शब्द बोलतो, स्नेअर हळूच उत्तर देतो, हाय-हॅट दोघांच्या मधे श्वासासारखी उघडते-मिटते. फेलाच्या ताफ्यात शेकेरे (मण्यांची जाळी असलेला भोपळा), काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), काठ्या वाजवणारे वेगळे लोक असायचे आणि अ‍ॅलन त्यांच्यासाठी जागा राखायचा. त्याचा हात विलक्षण हलका होता. त्याची नक्कल करणारे बहुतेक जण ठोके बरोबर वाजवतात पण जोर जास्त लावतात, आणि त्या जोराखाली चार आवाजांचा संवाद बुजून जातो.

इतर प्रदेशांनी आपापली वाद्ये सेटवर आणली. झिंबाब्वेत म्बिरा या अंगठ्यांनी छेडायच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या साथीला होशो हे खुळखुळे असतात. तिथल्या थॉमस मापफुमो या गायकाच्या संगीतात तीच खुळखुळ्यांची चाल हाय-हॅटवर आली. कॅमेरूनच्या बेटी लोकांचे बिकुत्सी हे सहाच्या लयीतले नृत्यसंगीत, आणि त्या नावाचा अर्थच जमिनीवर पाय आपटणे असा आहे. सेनेगलच्या म्बालाख या नृत्यसंगीतात साबार या पारंपरिक ढोलांचे बोल सेटवर येतात.

मराठी घराशी नाते असलेला या वाटेवरचा वादक म्हणजे त्रिलोक गुर्टू, ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, जन्म मुंबई, १९५१. तबल्यात घडलेला हा हात जमिनीवर गुडघे टेकून, तबला आणि ड्रम एकत्र मांडून वाजवतो. बेनिनच्या गायिका अँजेलिक किजो त्यांच्या २००० मधल्या ध्वनिमुद्रिकेत गायल्या आहेत.