साठावा दिवस नेमका कोणता?

इंदूरच्या कोर्टात कच्च्या कैद्याची आई वकिलांना आधी हेच विचारते, ‘दादा, चालान पेश झालं का?’ महाराष्ट्रातून आलेला माणूस इथे गोंधळतो. इकडे वाहतूक पोलिसांच्या दंडाची पावतीही चालान आणि आरोपपत्रही चालानच.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तपासासाठी कोठडी फक्त १५ दिवसांची. तपास लांबला की पोलीस अर्धवट चालान देत आणि खटला तहकूब ठेवण्याच्या कलमाखाली आरोपी आतच राहत असे. १९७४ पासून ६० दिवसांची मुदत आली, १९७८ मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी ९०. तेवढ्यात चालान नाही, तर जामीन हक्काचा. १९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात जलद खटला राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात आला.

खरा घोळ झाला मोजणीत. कोठडी मिळाली तो दिवस धरायचा की सोडायचा? समजा १ मार्चला कोठडी झाली. तो दिवस धरला तर साठावा दिवस २९ एप्रिल. ३० तारखेला सकाळी दिलेला जामीन अर्ज वेळेवर. सोडला तर साठावा दिवस ३० एप्रिल, म्हणजे तोच अर्ज एक दिवस आधीचा, आणि पोलिसांनी दुपारी चालान आणून दिले की हक्क संपला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालाप्रमाणे दिवस धरायचा होता. पुढे १९९० च्या दशकात, आपल्या मध्य प्रदेशातल्याच एका खटल्यात, तो सोडायचा ठरला. ‘पासून’ म्हटले की पहिला दिवस वगळतात, हा साधारण नियम. पण माणूस तो दिवसही कोठडीतच काढतो ना! पाव शतकाहून अधिक काळ दोन्ही मोजण्या चालल्या. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांनी पहिला दिवस धरायचाच, असे ठरवले.

चालान आले की मात्र घड्याळ बंद, उरते ती पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख. महाराष्ट्राच्या एका माजी मुख्यमंत्र्यांच्या खटल्यात घटनापीठाने खटल्याला कालमर्यादा घालायला नकार दिला. १९९६ ते १९९८ मध्ये लहान पीठांनी ती घातली, २००२ मध्ये सात न्यायाधीशांनी काढून टाकली. २००६ पासून कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की सुटकेची तरतूद आहे. फाशीच्या गुन्ह्यांना ती नाही. जुलै २०२४ च्या नव्या संहितेत आधी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो, आणि अर्ज तुरुंग अधीक्षकानेच करायचा आहे. पण जन्मठेपेचे गुन्हेही आता वगळले आहेत, आणि एकापेक्षा जास्त खटले असलेल्यालाही ही वाट बंद आहे. एकाच गल्लीतल्या भांडणातून दोन एफआयआर झाले, तरीही.