टायर पॉलिश

मोटारगाडीच्या टायरच्या बाहेरील बाजूला, म्हणजे साइडवॉलला, काळेपणा व तकाकी आणण्यासाठी लावले जाणारे द्रव, जेल, फेस किंवा फवाऱ्याच्या स्वरूपातील द्रव्य. दुकानांत ते टायर ड्रेसर, टायर शाइन, टायर ब्लॅक अशा नावांनीही मिळते. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाला ते लावत नाहीत. टायर धुण्याची द्रव्ये पॉलिशपेक्षा वेगळी असतात. पण न धुतलेल्या टायरवर कोणतेही पॉलिश टिकत नसल्याने निवडीचा विचार दोहोंचा मिळूनच करावा लागतो.

काळ्या रंगाचा उगम : रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचे एकस्व (पेटंट) १८४५ मध्ये घेतले, तर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये. त्या काळचे व त्यानंतरही बरीच वर्षे टायर पांढरट किंवा फिकट राखी असत. नैसर्गिक रबर मुळात फिकट, आणि त्यात भर म्हणून झिंक ऑक्साइड घालीत. टायर काळे केव्हा व कोणी केले याबद्दल एकवाक्यता नाही. रबराला बळकटी देण्याचा कार्बन ब्लॅकचा (काजळीसारख्या बारीक काळ्या भुकटीचा) गुण १९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात एस. सी. मोट यांच्या लक्षात आला, असे रबर तंत्रविद्येच्या इतिहासात सामान्यतः मानले जाते. अमेरिकी लेखक बी. एफ. गुडरिच कंपनीला अग्रमान देतात. या कंपनीने १९१० ते १९१२ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर कार्बन ब्लॅक वापरण्यास सुरुवात केली आणि ते तिला पुरवणारी बिनी अँड स्मिथ ही कंपनी पुढे क्रेयॉला खडूंसाठी नावाजली. पहिल्या महायुद्धात जस्ताची मागणी दारूगोळ्याकडे वळल्याने झिंक ऑक्साइड महागले व नाइलाजाने टायर काळे झाले, असा तिसरा पक्षही अधूनमधून मांडला जातो. शोधाचा मान मोट यांना आणि प्रसाराचा अमेरिकी कारखान्यांना देणे बहुधा रास्त ठरेल. युद्धाने या बदलाला फार तर वेग दिला असावा, कारण झिजेला टिकून राहण्याचा काळ्या रबराचा गुण त्याआधीच माहीत झाला होता.

कार्बन ब्लॅक प्रथम नक्षीच्या भागातच घालीत आणि बाजू पांढऱ्याच राहत. पुढे संपूर्ण काळे टायर आले तेव्हा ते उंची समजले गेले, कारण ते पुसून नीटनेटके ठेवणे सोपे होते. नंतर फॅशन उलटली व पांढऱ्या पट्ट्याचे टायर डौलाचे ठरले. हा पट्टा मळला की ताबडतोब दिसे, म्हणून तो उजळवणारी तीव्र अल्कधर्मी द्रव्ये अमेरिकेत विकली जाऊ लागली. टायरसाठी खास धुण्याच्या द्रव्यांचा व्यापार तिथूनच वाढला असावा. तकाकी आणणाऱ्या द्रव्यांचा सर्वदूर प्रसार मात्र १९७० च्या दशकातला असून त्यात कॅलिफोर्नियात तयार होणाऱ्या ‘आर्मर ऑल’ या दुधाळ सिलिकॉन द्रवाचा वाटा मोठा आहे.

टायर तपकिरी का होते : पॉलिश व धुण्याची द्रव्ये निवडताना हा प्रश्न कळीचा आहे. साइडवॉलचे रबर प्रामुख्याने नैसर्गिक रबर व पॉलिब्युटाडाइन यांचे मिश्रण असते. या दोन्ही बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) साखळीत कार्बनचे द्विबंध असतात आणि हवेतील ओझोन नेमका त्यांच्यावर हल्ला करतो. जमिनीलगतच्या हवेत ओझोनचे प्रमाण दशकोटीत केवळ काही भाग एवढेच असते, तरी ताणलेल्या रबरात ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक चिरा पाडायला ते पुरते. बचावासाठी कारखान्यातच दोन पदार्थ मिसळतात. पहिला म्हणजे मेण. ते हळूहळू पृष्ठावर येऊन पातळ पापुद्रा धरते आणि गाडी उभी असेतो रबराचे रक्षण करते. चाक फिरू लागून बाजू वाकू लागली की हा पापुद्रा तडकतो. दुसरा पदार्थ म्हणजे ओझोनरोधक, पॅराफेनिलीन डायअमाइन गटातील, बहुतेक टायरमध्ये ‘६पीपीडी’ या संक्षिप्त नावाचा. तो आतून पृष्ठाकडे झिरपत राहतो, ओझोनशी रबराच्या आधी स्वतः विक्रिया करतो आणि त्या विक्रियेतून तपकिरी द्रव्ये तयार होतात. टायरवर साचणारी तपकिरी झाक बव्हंशी हीच. पांढऱ्या पट्ट्याच्या रबरात ही संयुगे डाग पाडतात, म्हणून तिथे निराळ्या, ओझोनला मुळातच दाद न देणाऱ्या रबराचे मिश्रण वापरावे लागले.

गाड्या चमकवण्याच्या व्यवसायात निराळे स्पष्टीकरण प्रचलित आहे. टायर साच्यातून सुटावे म्हणून लावलेला लेप पृष्ठावर राहतो व तोच तपकिरी होतो, असे सांगितले जाते. नव्या कोऱ्या टायरवर पॉलिश नीट बसत नाही, हा अनुभव या मताला थोडा आधार देतो. तथापि असा लेप पहिल्या काही धुण्यांत निघून जायला हवा. तपकिरी झाक तर स्वच्छ केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा येते आणि वर्षानुवर्षे येत राहते. त्यामुळे ओझोनरोधकाचे कारण अधिक सयुक्तिक दिसते. ब्रेकची भुकटी, रस्त्यावरचे तेल आणि माती यांची भर अर्थातच पडते. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत फिरणाऱ्या गाडीचा लालसर थर मात्र निव्वळ मातीचा असतो व साध्या साबणाच्या पाण्याने उतरतो.

धुण्याची द्रव्ये : नियमित धुलाईला गाडीचा सौम्य शाम्पू किंवा साबणाचे पाणी पुरते आणि अनेक टायर उत्पादकही त्यापलीकडे काही सुचवत नाहीत. तपकिरी झाक व जुन्या पॉलिशचा चिकट थर काढायचा तर अल्कधर्मी सर्वोपयोगी क्लीनर पाण्यात मिसळून वापरतात. त्यातील पृष्ठक्रियाकारक (साबणासारखी मळ सोडवणारी द्रव्ये) व ग्लायकॉल ईथर तेलकट थर सोडवतात. द्रव फवारून मध्यम कडक नायलॉनच्या ब्रशने घासले की पहिला फेस चहासारखा तपकिरी निघतो; धुऊन पुन्हा घासल्यावर तो फिकट होत जातो आणि पांढरा राहिला की टायर पॉलिशला तयार झाले असे कारागीर मानतात. टायरवरील उठावाच्या अक्षरांभोवती आणि रिमला टेकणाऱ्या कडेला मळ सर्वांत उशिरा सुटतो. फेस पांढरा झाल्यावरही दर आठवड्याला तीव्र द्रव्याने घासत राहण्यात अर्थ नाही, कारण त्याबरोबर पृष्ठावर आलेले मेण व ओझोनरोधकही निघते.

कॉस्टिक सोडा असलेली स्वस्त द्रव्ये टायरपेक्षा रिमला घातक ठरतात. ॲल्युमिनियम मिश्रधातूचे अलॉय व्हील अल्कलीने पांढुरके व निस्तेज होते. रिमसाठी मिळणारे आम्लयुक्त क्लीनर टायरवर निरुपयोगी, आणि त्यांतील काहींत असणारी फ्लोराइड संयुगे त्वचेला धोकादायक असतात. फवारताच जांभळा रंग दाखवणारी, उग्र वासाची द्रव्ये थायोग्लायकोलेटयुक्त असून ती ब्रेकच्या भुकटीतील लोहासाठी आहेत. टायर तपकिरी दिसते म्हणून ती विकत घेणे व्यर्थ आहे.

पॉलिशचे प्रकार : तकाकी देणारे मुख्य द्रव्य बहुतेक पॉलिशांत एकच असते, ते म्हणजे पॉलिडायमिथिल सिलोक्झेन हे सिलिकॉन तेल. भेद पडतो तो ते कशात मिसळले आहे यावरून. पाण्यातील पायस (इमल्शन) दुधाळ दिसते, सुकल्यावर सौम्य, रेशमी काळेपणा देते व पावसात तुलनेने लवकर उतरते. पेट्रोलियम विद्रावकात (सॉल्व्हंटमध्ये) विरघळवलेले पॉलिश पारदर्शक व तेलकट असते. त्याची चमक ओल्या टायरसारखी आणि टिकाऊ असली तरी धूळ त्याला अधिक धरते. तेल जितके दाट तितकी चमक जास्त, आणि चाक फिरताना ते उडण्याची शक्यताही जास्त. अलीकडे ॲक्रिलिक रेझिनचे किंवा ‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे लेपही आले आहेत. ते सुकून हाताला कोरडे लागतात, पण टायर आधी निखळ स्वच्छ नसेल तर पापुद्रे सुटतात.

वॉशिंग सेंटरवर ग्लिसरीनही वापरात आहे. ते पाण्यात विरघळत असल्याने पहिल्या सरीत वाहून जाते व तोवर धूळ ओढते. रबराला मात्र अपाय करीत नाही, कारण ध्रुवीय, म्हणजे तेलाऐवजी पाण्याशी मिसळणारे, असल्याने ते रबरात शिरत नाही. डिझेल, रॉकेल किंवा जळके ऑइल फडक्याने फासण्याची पद्धत सर्वांत स्वस्त व सर्वांत वाईट. ही हायड्रोकार्बने साइडवॉलच्या रबरात मुरतात, ते फुगवतात व मऊ करतात, आणि आतील मेण व ओझोनरोधक बाहेर ओढतात. लगेच दिसणारा गडद काळेपणा हा त्या मुरण्याचाच परिणाम होय.

सिलिकॉनविषयीचा वाद : सिलिकॉनमुळे टायरला चिरा पडतात असे मत वाहनप्रेमींमध्ये दीर्घकाळ आहे. सिलिकॉन तेल रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असून साइडवॉलच्या रबरात ते फारसे मुरत नाही, हे पाहता दोष सिलिकॉनपेक्षा सोबतच्या विद्रावकाकडे जातो. हाच पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. सिलिकॉनच्या थरातून वायू सहज आरपार जातात, तेव्हा तो ओझोन अडवतो हा विक्रेत्यांचा दावाही तितकाच कच्चा आहे. अतिनील किरणांपासून संरक्षण हे तर बहुतेक डब्यांवर छापलेले असते. परंतु रबरातील कार्बन ब्लॅक स्वतःच हे किरण शोषून घेतो, त्यामुळे काळ्या टायरच्या बाबतीत या गुणासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही.

निवड व वापर : रोजच्या गाडीसाठी पाण्याधारित पॉलिश पुरेसे व सुरक्षित. डब्यावर पेट्रोलियम डिस्टिलेटचा उल्लेख किंवा ज्वालेचे चिन्ह असेल, अथवा झाकण उघडताच थिनरसारखा वास आला, तर ते विद्रावकाधारित समजावे. एरोसोल फवाऱ्यावर ज्वालेचे चिन्ह त्यातील वायूमुळेही असते. मुरमाड, धुळीच्या रस्त्यांवर कोरडे सुकणारे पॉलिश बरे. पावसाळ्यात महागडे पॉलिश लावण्यात फारसे हशील नाही. टायर पूर्ण कोरडे झाल्यावर स्पंजने पातळ थर द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि उरलेले कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. ही शेवटची पायरी गाळली की गाडी थोडी वेगात जाताच चाकामागच्या पत्र्यावर काळसर थेंबांची रांग उमटते.

नक्षीवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर पॉलिश गेल्यास पकड कमी होते. फवाऱ्याने हे सहज घडते, म्हणून स्पंज श्रेयस्कर. दुचाकीचे टायर वळणावर कडेवर कलते. तिच्या टायरला चमक आणणारे काहीही न लावणे हेच योग्य. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर तिथे नवा रंग आकसून बारीक खळगे पडतात, त्यामुळे रंगकाम करणारी गॅरेजे हे द्रव्य कामाच्या जागी येऊ देत नाहीत.

जुन्या गाड्यांच्या बाजारात टायर पॉलिश हटकून मारलेले असते व बारीक चिरा त्याखाली दडतात. अशा वेळी साइडवॉलवरील ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या डीओटी संकेताचे शेवटचे चार अंक वाचावेत. २००० सालापासून त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. महाराष्ट्रात खंडेनवमी व दसऱ्याला वाहनपूजेआधी गाडी धुऊन टायर काळे करण्याची रीत शहरांत व गावांतही आढळते.

पर्यावरण : विद्रावकांच्या वाफांवर कॅलिफोर्नियात मर्यादा घातल्या गेल्याने तेथील उत्पादक पाण्याधारित पॉलिशकडे वळले. अलीकडची चर्चा मात्र पॉलिशपेक्षा टायरविषयी आहे. ओझोनशी झालेल्या विक्रियेतून ६पीपीडी-क्विनोन हे संयुग बनते आणि टायरच्या झिजेबरोबर ते पावसाच्या पाण्यातून ओढ्यांत उतरून कोहो सामन माशांना मारते, असे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून दाखवून दिले. ऑक्टोबर २०२३ पासून कॅलिफोर्नियाने ६पीपीडीयुक्त मोटार टायरना प्राधान्य उत्पादनांच्या यादीत घातले असून उत्पादकांना पर्यायांचा अभ्यास करणे भाग पडले आहे. डाग न पाडणारा पर्याय निवडला गेल्यास टायरची तपकिरी झाकही कमी होईल.