फेरी (गोवा)

गोव्यात फेरी म्हणजे फेस्ताला (चर्चच्या सणाला), जत्रेला नाहीतर सणाच्या तोंडावर भरणारा तात्पुरत्या दुकानांचा बाजार. दर आठवड्याला भरतो त्याला सहसा फेरी म्हणत नाहीत, तो नुसता बाजार आणि त्याच्या आधी वार लावायचा: म्हापशाला शुक्रवार, डिचोलीला बुधवार, साखळीला सोमवार, वाळपईला मंगळवार. गंमत म्हणजे फेरी हा शब्द जिथून आला असं बरेच जण मानतात, तिथे त्याचं नातं वाराशीच आहे.

मुळाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे मराठीतला फिरणे-फेरा-फेरी, फेरीवाला त्यातलाच. दुसरं म्हणजे पोर्तुगीज 'फैरा', अर्थ बाजार. पहिलं मत दिसायला सोपं आहे पण फेरीवाला गल्लोगल्ली फिरतो आणि गोव्यातली फेरी एका जागी दिवसचे दिवस ठाण मांडून बसते, फिरतं ते गिऱ्हाईक, त्यामुळे पोर्तुगीज मूळ जास्त पटतं. कानाला आधीच ओळखीचा शब्द असल्यामुळे फैराचं फेरी सहज झालं असावं, म्हणजे दोन्ही मतं थोडी थोडी खरी असायला हरकत नाही.

आता हा फैरा लॅटिन 'फेरिया'वरून, त्याचा अर्थ सणाचा, सुट्टीचा दिवस. सणाला देवळापाशी माणसं जमायची आणि माणसं जमली की दुकानं लागायची, म्हणून सुट्टीच्या शब्दाचा अर्थ बाजार झाला असं साधारण मानलं जातं (इंग्रजी 'फेअर' पण त्याच घरातला). पण पोर्तुगीजमध्ये सोमवार ते शुक्रवार या वारांच्या नावातही हाच शब्द आहे, सोमवार 'सेगुंदा-फैरा' म्हणजे दुसरा, शुक्रवार 'सेश्ता-फैरा' म्हणजे सहावा, शनिवार-रविवार तेवढे वेगळे. 6व्या शतकातल्या, आताच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या मार्तिन नावाच्या बिशपाने ग्रह-देवतांची नावं नकोत म्हणून हे आकडे रुजवले असं सांगतात, तरी चर्चच्या लॅटिनमध्ये अशी मोजणी त्याच्या आधीपासून दिसते, तेव्हा सगळं श्रेय त्यालाच देणं जरा जास्तच होईल. कामाच्या वारांना सुट्टीचा शब्द कसा चिकटला, तर ईस्टरचा आख्खा आठवडा सणाचा धरायचे त्यावरून, हे उत्तर नेहमी दिलं जातं.

मोजणीचाच असा घोळ आपल्या 'आठवडा' शब्दात आहे. दिवस सात आणि नाव आठाचं, कारण या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही टोकं धरली की आठ होतात. रोमन लोकांचा बाजार दर आठव्या दिवशी यायचा आणि त्याचं नाव नवावरून, तिथेही हाच हिशोब.

फेऱ्यांमध्ये पणजीची अष्टमीची फेरी आणि पावसाळ्याआधी साठवणीचं सामान घ्यायची पुरुमेंताची फेरी सगळ्यांना माहीत आहेत (पुरुमेंत हा पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु', बेगमी). चतुर्थीआधी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान मिळतं त्याला मात्र माटोळीचा बाजारच म्हणतात, फेरी नाही, का ते सांगणं कठीण.

म्हापसा नावातच 'माप' आहे अशी व्युत्पत्ती नेहमी देतात, ती बाजारावरून मागाहून जुळवलेली वाटते. तिथे बाजार रोजचाच, पण शुक्रवारी आजूबाजूच्या गावांतून आणि सिंधुदुर्गातूनही माणसं येतात, सुकी मासळी, मिरची, केळी, मातीची भांडी सगळं एका जागी. हणजुण्याला (अंजुना) बुधवारी भरतो तो हिप्पींच्या काळातला, त्याला गावातले लोकही फ्ली मार्केटच म्हणतात.